बायोप्सीच्या रिपोर्टमधला केआय-६७ : आकडा वाचायचा कसा?

बायोप्सीचा रिपोर्ट हल्ली डॉक्टरांच्या आधी घरच्यांच्या मोबाइलवर येतो. मुलगा चाकणला सेकंड शिफ्टला, सून तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये आणि रिपोर्ट सासूबाईंचा. जेवणाच्या सुट्टीत पीडीएफ उघडली जाते. कार्सिनोमा हा शब्द कळतो. ग्रेड, ईआर, पीआर, हर-टू ही नावं डोक्यावरून जातात आणि शेवटच्या ओळीवर नजर अडते : ‘केआय-६७ : ३५ टक्के’. दुसरं काही कळो न कळो, टक्के सगळ्यांना कळतात. मग कुणी म्हणतं, कॅन्सर पस्तीस टक्के पसरलाय. कुणी म्हणतं, वाचायची शक्यता पस्तीस टक्केच. रात्रीपर्यंत गुगल आणि नातेवाईक मिळून घरादाराची झोप उडवतात.

हे दोन्ही अर्थ साफ चुकीचे आहेत. कॅन्सरच्या पेशी किती जोमाने वाढताहेत, याचा अंदाज केआय-६७ देतो. काही कॅन्सरमध्ये उपचारांची दिशा त्यावर ठरते, काहींमध्ये त्याला जवळजवळ महत्त्व नसतं. सुटा वाचला तर मात्र तो हमखास घोटाळा करतो. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यातल्या कामगार कुटुंबांनी हा आकडा कसा वाचावा, डॉक्टरांना काय विचारावं, नमुन्याची काळजी कशी घ्यावी आणि पैशांची, रजेची सोय कुठे पाहावी, ते पुढे दिलं आहे.

हा आकडा कशाचा?

शरीरातली प्रत्येक पेशी सतत विभागत नसते. बहुतेक पेशी आपापलं काम करत असतात आणि गरज पडली की त्यातल्या काही विभाजनाच्या चक्रात शिरतात. आधी डीएनएची दुसरी प्रत तयार होते, मग एका पेशीच्या दोन होतात. केआय-६७ हे प्रथिन या चक्राच्या सर्व टप्प्यांत पेशीच्या केंद्रकात असतं. पेशी विसाव्याच्या अवस्थेत गेली की ते दिसत नाही. जर्मनीतल्या कील इथल्या योहानेस गेर्डेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ते ओळखणारी अँटिबॉडी जगापुढे आणली. पुढे मेणात जतन केलेल्या नमुन्यांवरही चालणारी ‘एमआयबी-१’ ही अँटिबॉडी आली आणि ही तपासणी रोजच्या वापरात रुळली. तुमच्या रिपोर्टवर ‘एमआयबी-१ इंडेक्स’ असं लिहिलेलं असेल, तर तीही हीच तपासणी.

तेव्हा ३५ टक्के याचा अर्थ असा : मोजलेल्या दर शंभर कॅन्सरपेशींपैकी पस्तीस पेशी, नमुना घेतला त्या वेळी, विभाजनाच्या चक्रात होत्या. कॅन्सर किती पसरलाय हे स्टेज सांगते. ती गाठीचा आकार, जवळच्या लिम्फ नोड (काखेतल्या, मानेतल्या लसिकाग्रंथींच्या गाठी) आणि दूरचे अवयव पाहून ठरते. केआय-६७ पाच टक्के असूनही कॅन्सर काखेतल्या गाठींपर्यंत पोचलेला असू शकतो, आणि साठ टक्के असूनही तो एका जागी असू शकतो.

आणखी एक गैरसमज आधीच दूर करू. केआय-६७ कॅन्सरच्याच पेशींत असतं असं नाही. हाडांच्या मगजात, आतड्याच्या अस्तरात, त्वचेच्या खालच्या थरात रोज नव्या पेशी तयार होतात, तिथेही ते असतं. कॅन्सर आहे की नाही हे पॅथॉलॉजिस्ट पेशींची ठेवण पाहून ठरवतात. केआय-६७ त्या निदानाला जोड देतं.

वाढीचा वेग मोजायची जुनी रीत आजही चालू आहे. साध्या रंगवलेल्या स्लाइडवर प्रत्यक्ष दुभंगताना दिसणाऱ्या पेशी, म्हणजे मायटोसिस, मोजायच्या. स्तनाच्या कॅन्सरचा ग्रेड तीन गोष्टींवरून काढतात आणि मायटोसिसची संख्या त्यातली एक. प्रत्येकीला १ ते ३ गुण असतात. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६ किंवा ७ आली तर ग्रेड २ आणि ८ किंवा ९ आली तर ग्रेड ३. म्हणजे केआय-६७ केलेलं नसलं तरी वाढीच्या वेगाची काही माहिती ग्रेडमध्ये असतेच.

पेशी का आणि कशी वाढते, या प्रश्नावर पुण्याच्या एका लेकीने आयुष्य घालवलं. डॉ. कमल रणदिवे (१९१७-२००१) हुजूरपागेच्या आणि फर्ग्युसनच्या विद्यार्थिनी. टाटा मेमोरियलमध्ये पॅथॉलॉजीची घडी बसवणाऱ्या डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्या तयार झाल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर संशोधन प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कॅन्सरवर त्यांचं मोठं काम आहे. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

नमुन्यापासून आकड्यापर्यंत

आकडा बरोबर येण्याची सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही, बायोप्सीच्या टेबलावर होते. स्तनातल्या गाठीची बारीक सुईने केलेली तपासणी, म्हणजे एफएनएसी, पहिल्या अंदाजाला ठीक असते. पण ईआर आणि पीआर (कॅन्सरपेशींतले हार्मोनचे रिसेप्टर), हर-टू (पेशींच्या वाढीला चालना देणारं प्रथिन) आणि केआय-६७ नीट करायचं तर मांसाचा बारीक तुकडा लागतो आणि तो जाड सुईने घेतात. दवाखान्यात याला ‘कोअर बायोप्सी’ किंवा ‘ट्रूकट’ म्हणतात. ‘आधी गाठ काढून टाकू, मग बघू’ असं कुणी सुचवलं, तर कॅन्सरतज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. घाईने गाठ काढली की पुढच्या ऑपरेशनचं नियोजन बिघडतं, आणि ऑपरेशनआधी औषधं देऊन गाठ लहान करायची संधीही जाते. सुई लावल्याने कॅन्सर पसरतो, ही भीती मनातून काढून टाका. या भीतीपोटी महिनोन्‌महिने वाया घालवलेले रुग्ण डॉक्टरांना नेहमी भेटतात.

तुकडा निघाला की तो लगेच फॉर्मेलिन या जतन करणाऱ्या द्रावणात पडायला हवा, उशिरात उशिरा तासाभरात. सलाइन किंवा साधं पाणी चालत नाही. फॉर्मेलिन तुकड्याच्या दहापट तरी हवं. स्तनाच्या नमुन्यासाठी सहा तासांपेक्षा कमी नाही आणि बहात्तर तासांपेक्षा जास्त नाही, असा फॉर्मेलिनमधला मुक्काम मानला जातो. बाहेर रेंगाळलेल्या नमुन्यात केआय-६७ खरं असतं त्यापेक्षा कमी दिसू शकतं.

पुढे प्रयोगशाळेत तुकडा छोट्या कॅसेटमध्ये भरतात, त्यातलं पाणी काढतात आणि तो मेणात बसवतात. हाच तो ‘ब्लॉक’. मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर चढवतात. त्यावर अँटिबॉडी सोडतात आणि मग रंग. सूक्ष्मदर्शकाखाली विभाजनात असलेल्या पेशींची केंद्रकं तपकिरी दिसतात, बाकीची निळसर. पॅथॉलॉजिस्ट पाचशे-हजार पेशी पाहून तपकिरी किती ते मोजतात आणि टक्का लिहितात.

या साखळीत घरच्यांच्या हातात थोडंच असतं, पण तेवढं नक्की करा. डबीवर नाव, तारीख, वेळ आणि बाजू, म्हणजे डावी की उजवी, लिहिली आहे का ते डोळ्यांनी पाहा. नमुना बाहेरच्या लॅबला जाणार असेल तर आजच निघणार का, हे विचारा. पिंपरी-भोसरीच्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, त्यामुळे घरची मंडळी दवाखान्याची कामं गुरुवारी काढतात. त्यात काही वाईट नाही. मात्र पुढे जोडून सण किंवा सुट्टी येत असेल, तर नमुना डबीत पडून राहणार नाही ना, एवढी खात्री करून घ्या.

दोन लॅब, दोन आकडे

एका लॅबने २२ टक्के लिहिलं आणि दुसरीने ३० टक्के, तर कुणीतरी फसवलं असा निष्कर्ष काढू नका. चाकणच्या कुठल्याही क्वालिटी विभागात काम केलेल्या माणसाला ‘गेज आर अँड आर’ ठाऊक असतं : तोच पार्ट, तेच गेज, पण मोजणारी माणसं दोन आणि वाचनं वेगवेगळी. त्यात किती फरक चालवून घ्यायचा हे आधी ठरवावं लागतं. केआय-६७ मोजतानाही तसंच घडतं. एक पॅथॉलॉजिस्ट सर्वांत दाट तपकिरी भाग निवडून मोजतो, त्याला ‘हॉटस्पॉट’ म्हणतात. दुसरा सगळ्या तुकड्याची सरासरी काढतो. अँटिबॉडी वेगळी, यंत्र वेगळं, फॉर्मेलिनची वेळ वेगळी. गाठही आतून सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे बायोप्सीतला आणि ऑपरेशननंतरचा आकडा जुळला नाही तरी आश्चर्य नाही.

म्हणूनच स्तनाच्या कॅन्सरमधल्या केआय-६७ साठी तज्ज्ञांचा एक आंतरराष्ट्रीय गट काम करतो. २०२१ मध्ये त्याने स्पष्ट शिफारस केली. ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि लवकरच्या टप्प्यातला कॅन्सर असेल, तर ५ टक्के किंवा त्याखालचा आकडा कमी धरावा आणि ३० टक्के किंवा त्यावरचा जास्त. मधल्या आकड्यांवर उपचारांचा मोठा निर्णय टांगू नये. त्याआधी कधी १४ टक्के, कधी २० टक्के ही सीमारेषा धरली जायची. इंटरनेटवर आजही हे जुने आकडे फिरतात.

सीमारेषेवर विसंबण्यातला धोका एका औषधाच्या बाबतीत उघड दिसला. अबेमासिक्लिब हे औषध ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पुन्हा उलटण्याचा धोका जास्त असलेल्या, लवकरच्या टप्प्यातल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी मंजूर केलं, तेव्हा केआय-६७ किमान २० टक्के असण्याची अट होती. मार्च २०२३ मध्ये ती अट काढून टाकली. आकडा कमी असलेल्या, पण काखेतल्या बऱ्याच गाठींत कॅन्सर पोचलेल्या रुग्णांनाही औषधाचा फायदा होत होता. वाढीच्या वेगाइतकाच, किंबहुना जास्तच, कॅन्सरचा पसारा महत्त्वाचा ठरला.

कुठल्या कॅन्सरमध्ये याला किती वजन?

स्तन : भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण असल्याचा जागतिक अंदाज आहे. स्त्रियांमध्ये हाच कॅन्सर सर्वांत जास्त. इथे उपचारांची मुख्य दिशा ईआर, पीआर आणि हर-टू ठरवतात. केआय-६७ चा उपयोग विशेषतः ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह रुग्णात, केमोथेरपी लागेल की हार्मोनच्या गोळ्यांवर भागेल, हे ठरवताना होतो. आकडा मधलाच आला तर डॉक्टर गाठीतल्या जनुकांची चाचणी सुचवू शकतात. त्यातल्या ऑन्कोटाइप या २१ जनुकांच्या चाचणीत केआय-६७ चं जनुकही मोजलं जातं. चाचणी महाग आहे. तिच्या निकालाने निर्णय खरंच बदलणार असेल तरच ती करावी. हर-टू ‘२ प्लस’ आलं असेल, तर केआय-६७ ची चर्चा बाजूला ठेवून आधी ‘फिश’ ही चाचणी करून घ्या. हर-टू पॉझिटिव्ह ठरलं तर औषधंच बदलतात.

न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर : पोट, आतडी आणि स्वादुपिंडातल्या या ट्यूमरमध्ये केआय-६७ शिवाय पान हलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ३ टक्क्यांखाली ग्रेड १, ३ ते २० टक्के ग्रेड २ आणि २० टक्क्यांच्या वर ग्रेड ३. मायटोसिसची संख्याही सोबत पाहतात आणि दोन्हींत जो वरचा ग्रेड येईल तो धरतात. इथे दोन आणि चार टक्के यांतला फरकही ग्रेड बदलतो. त्यामुळे नेमकी मोजणी झाली आहे का, हे विचारायलाच हवं.

लिम्फोमा : बर्किट लिम्फोमात आकडा जवळजवळ शंभर टक्के असतो आणि तोच निदानाचा मोठा आधार ठरतो. फॉलिक्युलर लिम्फोमात तो बहुधा कमी असतो. मँटल सेल लिम्फोमात ३० टक्क्यांच्या वर गेला की डॉक्टर आजार जास्त जोमाचा मानतात.

मेंदू : मेनिंजिओमासारख्या गाठींचा ग्रेड ठरवताना मायटोसिस मोजतात आणि केआय-६७ त्याला जोड देतं. गाठ पुन्हा येण्याची शक्यता किती आणि एमआरआय किती अंतराने करायचा, हे ठरवताना डॉक्टर तो आकडा लक्षात घेतात.

गर्भाशयाचं मुख : एचपीव्ही चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या स्त्रियांपैकी कुणाची पुढची तपासणी लगेच करायची, हे ठरवायला काही ठिकाणी पी-१६ आणि केआय-६७ अशी जोडतपासणी करतात. एकाच पेशीत दोन्ही दिसले तर पुढे जायचं. ही चाळणी आहे, कॅन्सरचं निदान नव्हे.

तोंड : तंबाखू, गुटखा, मिश्रीमुळे आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर फार. त्यात मात्र केआय-६७ साठी धावाधाव करू नका. गाठ किती खोल गेली आहे, मानेतल्या गाठींत कॅन्सर आहे का आणि ऑपरेशनमध्ये कडा स्वच्छ निघाल्या का, यावर पुढचे उपचार ठरतात. रिपोर्टात केआय-६७ नाही म्हणून रिपोर्ट अपुरा ठरत नाही. मोठ्या आतड्याच्या आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरचंही बहुतांश वेळा असंच आहे.

आकडा जास्त आला म्हणजे?

जास्त आकडा म्हणजे आजार जोमाचा. त्याला वेळ देऊन चालत नाही. पण बहुतेक केमोथेरपीची औषधं विभागणाऱ्या पेशींवरच वार करतात, त्यामुळे वेगाने वाढणारे कॅन्सर अनेकदा केमोथेरपीने चांगले विरघळतात. बर्किट लिम्फोमाचा आकडा सर्वांत वरचा, तरीही वेळेवर आणि पूर्ण जोमाने उपचार मिळाले तर त्यातले बरेच रुग्ण, विशेषतः लहान मुलं, पूर्ण बरे होतात. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे ईआर, पीआर आणि हर-टू तिन्ही निगेटिव्ह असलेल्या, स्तनाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशनआधी केमोथेरपी देऊन गाठ पूर्ण नाहीशी झालेल्या स्त्रिया असतात. त्यांचं पुढचं चित्रही बरंच चांगलं असतं.

उलट, आकडा कमी म्हणून बेफिकीर राहणं महागात पडतं. ईआर पॉझिटिव्ह, सावकाश वाढणारा कॅन्सर दहा-पंधरा वर्षांनीही डोकं वर काढू शकतो. म्हणून हार्मोनची गोळी पाच वर्षं, कधी त्याहून जास्त, रोज घ्यावी लागते. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून दोन वर्षांनी गोळी परस्पर बंद करणं ही या रुग्णांमध्ये नेहमी होणारी आणि टाळता येण्याजोगी चूक आहे.

डॉक्टरांकडे जाताना

ओपीडीत वेळ थोडा असतो. प्रश्न वहीत लिहून न्या आणि उत्तरं तिथेच टिपून घ्या. सोबत एकच माणूस न्या, पण तो ऐकून घेणारा असावा.

१. कॅन्सरचा नेमका प्रकार कोणता आणि ग्रेड किती?
२. स्टेज ठरली का? ठरली नसेल तर कुठल्या तपासण्या बाकी आहेत?
३. ईआर, पीआर, हर-टू काय आलं? हर-टू संदिग्ध असेल तर फिश कधी होणार?
४. या प्रकारच्या कॅन्सरमध्ये केआय-६७ ने उपचार बदलतात का?
५. हा आकडा हॉटस्पॉटचा आहे की सरासरी? किती पेशी मोजल्या?
६. ग्रेड आणि केआय-६७ एकमेकांशी जुळतात का? ग्रेड १ आणि केआय-६७ साठ टक्के असं काही असेल, तर स्लाइड पुन्हा पाहायला हव्यात का?
७. आधी ऑपरेशन की आधी औषधं, आणि का?
८. हा निर्णय ट्यूमर बोर्डात, म्हणजे सर्जन, औषधोपचार आणि रेडिएशनचे तज्ज्ञ एकत्र बसून झाला आहे का?

सहावा प्रश्न विसरू नका. रिपोर्टातल्या दोन ओळी एकमेकींशी भांडत असतील, तर उपचार सुरू होण्याआधी त्यांचा निकाल लागायला हवा.

रक्तातले मार्कर वेगळे

कंपनीच्या वार्षिक तपासणीत किंवा सवलतीच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये सीईए, सीए-१२५, सीए १५-३ असे ‘ट्यूमर मार्कर’ असतात. ते रक्तातून मोजतात. केआय-६७ गाठीच्या तुकड्यावरच करतात. दोन्हींच्या नावात मार्कर असल्याने गल्लत होते. काहीही त्रास नसताना रक्तातले हे मार्कर सरसकट करण्यात फारसा अर्थ नाही. साध्या आजारातही ते वाढतात आणि कॅन्सर असूनही नॉर्मल येऊ शकतात. त्यापेक्षा तिशीनंतर तोंडाची, स्तनांची आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घेणं जास्त उपयोगाचं. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत वर्षानुवर्षं चालवलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी व्हिनेगर लावून केलेल्या साध्या तपासणीने गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. कंपनीच्या शिबिरात काय असावं हे सुचवायची संधी मिळाली, तर युनियनने किंवा एचआरने हे सुचवावं.

दुसरं मत, ब्लॉक आणि स्लाइड

दुसरं मत घेतल्याने पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही. चांगले डॉक्टर स्वतःच ते सुचवतात. मात्र दुसऱ्या ठिकाणी नुसता छापील रिपोर्ट नेऊन उपयोग नाही. ब्लॉक आणि स्लाइड लागतात. ज्या लॅबमध्ये तपासणी झाली तिथे लेखी अर्ज देऊन ते मागा, पोच घ्या, ब्लॉकवरचा क्रमांक रिपोर्टशी जुळवून पाहा. ब्लॉक मेणाचा असतो. एप्रिल-मेच्या उन्हात तो गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवू नका. स्लाइड फुटू नयेत म्हणून लॅबकडून प्लास्टिकची डबी मागून घ्या. काम झालं की ब्लॉक परत आणून जपून ठेवा. काही वर्षांनी आजार उलटला तर जुन्या ब्लॉकवर नव्या चाचण्या करता येतात.

या पट्ट्यातल्या माणसाला सुरुवातीसाठी लांब जायला नको. पिंपरीत महापालिकेचं वायसीएम आणि डी. वाय. पाटील, चिंचवडला आदित्य बिर्ला रुग्णालय, मोहननगरला ईएसआयचं रुग्णालय आणि पुण्यात ससून आहे. स्लाइड पुन्हा पाहायच्या असतील किंवा आजार दुर्मीळ असेल, तर परळचं टाटा मेमोरियल आहेच. १९४१ पासून ते चालू आहे आणि बाहेरून आलेले ब्लॉक तपासणं हे तिथलं रोजचं काम. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली शेकडो रुग्णालयं जोडलेली आहेत. तिथल्या तज्ज्ञांचं लेखी मत ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेतूनही मागवता येतं. उपचारासाठी मुंबईला जावं लागलं, तर कॅन्सररुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वे तिकिटात मोठी सवलत असते. त्यासाठी रुग्णालयाचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. ते पहिल्याच भेटीत मागून ठेवा.

पैसा आणि रजा

ईएसआय : २०१७ पासून दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार या योजनेत येतात. मर्यादा बदलली आहे का ते एचआरकडून पक्कं करून घ्या. कंत्राटी कामगारालाही हा हक्क आहे. पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात दिसते का आणि तुमचा विमा क्रमांक काय, हे आजच पाहून ठेवा. कामगाराला स्वतःला कॅन्सर झाला, तर नेहमीच्या आजारपणाच्या ९१ दिवसांच्या लाभानंतर वाढीव आजारपण लाभ मिळू शकतो. तो वेतनाच्या ८० टक्के दराने, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत असतो. त्यासाठी ठरावीक काळाची नोकरी आणि वर्गणी लागते. घरातल्या अवलंबून असलेल्या माणसाला उपचार मिळतात, हा रोख लाभ मिळत नाही.

महात्मा फुले जनआरोग्य योजना : आता सर्व रंगांच्या रेशनकार्डधारकांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मिळतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. हेल्पलाइन १५५३८८. केमोथेरपी, ऑपरेशन, रेडिएशन यांची पॅकेज असतात, पण ओपीडीत केलेल्या बायोप्सीच्या तपासण्या त्यात धरल्या जातात का, हे आधीच विचारा.

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम : आई-वडिलांचं नाव पॉलिसीत आहे का, केमोथेरपी डे-केअरमध्ये मंजूर होते का आणि मर्यादा किती, हे एचआरला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. बिलं, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड यांची एक फाइल करा. तारखेनुसार कागद लावले की प्रत्येक नव्या डॉक्टरचा आणि तुमचा अर्धा तास वाचतो.

आजार लपवून कामावर जाणं आणि नाइट शिफ्ट संपवून तसंच केमोथेरपीच्या खुर्चीत बसणं, दोन्ही टाळा. सुपरवायझरला सगळा तपशील सांगायची गरज नसते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हलकं काम किंवा जनरल शिफ्ट मागता येते.

केआय-६७ कितीही असो, रिपोर्ट आल्यापासून आठवडाभराच्या आत कॅन्सरतज्ज्ञाला गाठा. जाताना पूर्ण रिपोर्ट, आधीच्या सोनोग्राफी-मॅमोग्राफीच्या फिल्म आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत घ्या. काढे, अंगारे आणि ‘दिवाळीनंतर बघू’ यात गेलेले दोन महिने कुठलाही आकडा भरून देत नाही.